काळी काच घेऊन बीबीला

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोक प्रवासाला हौसेनं निघतात, मी निघालो तो भीतीपोटी. बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं तळं आहे, ते पाहायला माणसं कुठून कुठून येतात. मी त्या तळ्याकडे वळणाऱ्या फाट्यावरून जाऊन आलो आणि मान वळवून तिकडे पाहिलंही नाही. माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात, कापसात गुंडाळलेली, चार आण्याच्या नाण्याएवढी एक काळी काच होती. ती पोचवायची होती, आणि ती पोचायच्या आत कुणाचा डोळा जाऊ नये एवढंच मागणं होतं.

गिरगावात चाळीच्या तळमजल्यावर माझी एक खोली आहे. तिथे मी जुनी उपकरणं दुरुस्त करतो. मोजणीवाल्यांच्या दुर्बिणी, जहाजावर सूर्याची उंची मोजायची सेक्स्टंट, ऊन किती तास पडलं ते कागदावर जाळून दाखवणारा काचेचा गोळा, पितळी सूर्यघड्याळं. सूर्याशी ज्याचा संबंध येतो ते प्रत्येक हत्यार कुठे ना कुठे भाजलेलं असतं. सूर्याला डोळा लावायचा तर मध्ये काळी काच हवीच, आणि ती काच जर चुकली तर दुरुस्ती माझ्या हातातली नाही. हे मला वीस वर्षं ठाऊक होतं. तरी माझ्याच हातून ते झालं.

त्या वर्षी, पासष्ट साली, पाकिस्तानशी लढाई झाली होती. ब्लॅकआउटसाठी सगळ्या मुंबईनं तावदानांना काळा कागद चिकटवला. लढाई थांबली, चाळीतल्या लोकांनी कागद ओरबाडून काढले, मी मात्र ठेवले. म्हटलं, पुन्हा सुरू झाली तर? बायको म्हणायची, "अहो, ती विमानं काय तुमच्या खोलीवर टपून बसलीत?" मी ऐकलं नाही. दोन महिने दिवसासुद्धा दिवा लावून काम केलं.

त्याच दिवसांत लोणारजवळच्या बीबी गावच्या शाळेतून एक दुर्बीण आली. गावच्या देशमुखांच्या आजोबांनी कुणा साहेबाकडून घेतलेली, हातभर लांब, पितळी, पुढे शाळेला दिलेली. तिच्या डोळ्याकडच्या टोकावर बसवायची एक टोपी होती, टोपीवर सूर्याची खूण कोरलेली आणि आत काळी काच. सोबत इंगळे गुरुजींचं पत्र. अक्षर मोत्यासारखं. "कार्तिक अमावास्येला सकाळी सूर्यग्रहण आहे. आमच्या गावात ग्रहणात कोणी दार उघडत नाही. माझी आई आयुष्यभर ग्रहणात अंधाऱ्या खोलीत बसली. तिला या वेळी बाहेर आणायचं ठरवलं आहे. पहिला डोळा तिचा लागेल, मग गावाचा. तरी दुर्बीण वेळेत द्यावी."

मी दुर्बीण चकाचक केली. टोपीतली काच काढून धुवायला बशीत टाकली. त्याच बशीत एका सेक्स्टंटच्या रंगीत काचा होत्या, धुक्यातल्या फिकट सूर्यासाठी असतात तशा. दिव्याच्या उजेडात सगळ्याच काळ्या. एक उचलली, टोपीत बसवली. जरा सैल वाटली. जुन्या मालाला चालायचंच म्हणून कागदाची पट्टी घालून आवळली, आणि पार्सल रवाना केलं.

ग्रहणाला दोन दिवस उरले असताना, रविवारी, बायकोनंच कागद खरवडून काढले. खोलीत ऊन आलं. मी सेक्स्टंटच्या काचा बसवायला घेतल्या तर एक काच तिच्या खाचेत बसेना. उन्हासमोर धरली तर सूर्य नुसता तांबडा ठिपका. ती दुर्बिणीची काच होती. म्हणजे टोपीत जी गेली ती फिकी, आणि दुर्बीण सगळं ऊन गोळा करून डोळ्यात ओतते. मी खाली बसलो. बायको पाणी घेऊन आली तोवर मी उठून बूट घालत होतो.

तार केली: "सूर्यकाच वापरू नका, येत आहे." तार-ऑफिसातल्या माणसानं सांगितलं, बीबीला तारघर नाही, मेहकरपर्यंत तारेनं जाईल, पुढे टपालानं. कधी पोचेल? त्यानं खांदे उडवले. त्याच रात्री मी गाडीत बसलो.

मलकापूर

पहाटे उतरलो. फलाटावर कापसाच्या गाठी माणसाच्या डोक्याच्या वर रचलेल्या, हवेत तंतू तरंगताहेत, प्रत्येक हमालाच्या मिशीला कापूस. आमच्याकडे या दिवसांत पंखा लागतो. इथे दात वाजत होते. स्टेशनाबाहेर भजी आणि चहा घेतला. चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. भजी मिरचीची, आणि वर परत तळलेली मिरची. मला एरवी तिखट सोसत नाही, पण त्या दिवशी खाल्लेलं कळतच नव्हतं.

सूर्य उगवला. एरवी सूर्योदय पाहून बरं वाटतं. मला एवढंच वाटत होतं की हा आत्ता बीबीतही उगवला असेल, आणि तिथे कुणीतरी दुर्बीण बाहेर काढत असेल.

बुलढाण्याच्या गाडीत माझ्या शेजारी एक म्हातारा येऊन बसला. पांढरी दाढी, मांडीवर मोठी टोपली, वरून फडकं बांधलेलं. बस जरा हलली की टोपलीतून किणकिण. नाव रहीमचाचा. लोणारचा बांगडीवाला, मलकापुरात माल उचलून घरी चाललेला.

"कुठी जाऊन राह्यले, भाऊ?"

"बीबीला."

"मंग संगतच हाय. मेहकरच्या पुढे सुलतानपूरले मी उतरतो, तुमी समोर जा." मग माझ्याकडे नीट पाहून, "तब्येत बरी नाई का? चेहरा काऊन असा उतरला?"

मी म्हटलं, झोप झाली नाही. त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलं नव्हतं.

राजूरचा घाट

सपाट काळं रान संपून गाडी घाट चढू लागली. खाली सागाची पानं वाळून तांबूस झालेली, मधूनच एखाद्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायका. डोळे भरून पाहण्यासारखं रान होतं. मी मनगटावरचं घड्याळ पाहत होतो. दुसऱ्या वळणावर गाडीनं एक धाप टाकली आणि नाकातून वाफ सोडून उभी राहिली.

ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "गरम झाली. थंडी होऊ द्या तिले." आणि विडी पेटवून दगडावर बसला. क्लिनर पाणी आणायला खाली ओढ्यात गेला. मुंबईत एवढ्यात चार माणसांनी कंडक्टरची गचांडी धरली असती. इथे माणसं गाडीतून उतरली, सावली बघून बसली, कुणी शिदोरी सोडली. मी एकटाच रस्त्यावर येरझारा घालत होतो.

"अहो, किती वेळ लागेल?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"ग्रहनाच्या पहिले पोचवतो," ड्रायव्हर म्हणाला, आणि सगळे हसले. मी परत येरझारा सुरू केल्या.

रहीमचाचानं मला हाताला धरून बसवलं. भाकर, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा पुढे केला. "खा. मीबी घाईतच हाय. सुनेले आठवा महिना हाय. उद्या सकाळच्या पहिले घरातली सुई, कात्री, विळी मी माह्या हातानं उचलून ठेवतो."

"तुमच्यातही पाळतात?"

"गाव एक, सूर्य एक. मी मानतबी नाई अन् सोडतबी नाई." तो हसला. मग गंभीर झाला. "पन तुमचं दुखनं काय हाय, ते सांगा."

मी सांगितलं. सगळं, बशीपासून. आणि तेही सांगितलं जे मी स्वतःशीही नीट बोललो नव्हतो. मी मनात ठरवत होतो की पोचलो आणि कुणाला काही झालेलं नसलं तर गुपचूप काच बदलायची, सहज ग्रहण पाहायला आलो म्हणायचं, आणि तार जर नंतर आली तर ती कुठेतरी दडवायची. वीस वर्षांचं नाव होतं माझं.

रहीमचाचानं हातातला कांदा बाजूला ठेवला. मग टोपलीवरचं फडकं सारखं करत म्हणाला, "भाऊ, मी चाळीस वर्सांपासून बांगड्या भरून राह्यलो. भरताना बांगडी फुटते, बाईचा हात कापते. मी पहिले बोलतो, बाई, चूक माही. तेवढं बोललं का बाई चूप बसते. नाई बोललं त तिले वाटते, आपलाच हात वाकडा. घरी जाऊन रडते बिचारी. तुमी पोचल्याबरोबर पहिले सांगजा."

मी हो म्हटलं. मनातून हो नव्हतं.

मेहकर आणि पुढे

घाटात दोन तास गेले. बुलढाण्याला गाडी बदलली, चिखलीला पुन्हा बदलली. जेवायला वेळ नव्हता आणि भूकही नव्हती. सूर्य डोक्यावर आला तेव्हा मी खिडकीच्या पडद्याआड तोंड लपवलं. भर दुपारी दुर्बीण लावून पाहायची लहर कुणालाही येऊ शकते. डोळ्याची आग कशी होत असेल, हे मी स्वतःची पापणी दाबून पाहत होतो. तसं काही कळत नाही, पण भीतीला काहीतरी करायला लागतं.

मेहकरला टपालाची खाकी थैली गाडीत चढवली आणि नेमकी माझ्या पायाशी टाकली. मी कंडक्टरला विचारलं, हिच्यात बीबीचं टपाल आहे का?

"बीबीचं, अंजनीचं, सगळंच हाय. काऊन?"

म्हणजे माझी तार बहुधा त्या थैलीत होती. मुंबईहून मेहकरपर्यंत तारेनं धावत आली, रात्रभर पडून राहिली आणि आता माझ्याच बुटापाशी बसून माझ्याच वेगानं चालली होती. थैलीवर लाखेचा शिक्का होता. मी पाय बाजूला घेतले. एका क्षणी वाटलं, हिला लाथ मारून दाराबाहेर ढकलावी. वाटलं हे खरंच, लपवत नाही.

सुलतानपूरच्या फाट्यावर रहीमचाचा उतरला. खिडकीशी येऊन एवढंच म्हणाला, "पहिले सांगजा." मग टोपली डोक्यावर घेऊन लोणारच्या रस्त्याला लागला, आणि गाडी सुटली तरी मला किणकिण ऐकू येत होती.

बीबी

उन्हं कलली होती. बाजारचा दिवस नव्हता, तरी वेशीपाशी माणसं होती. शाळा कुठे म्हणून विचारावं लागलं नाही. गुरुजी टपालासाठी गाडीवर आलेलेच होते. बारीक अंगाचे, पांढरी टोपी, वय चाळिशीच्या आसपास. मी नाव सांगितलं, तसे दोन्ही हात जोडून म्हणाले, "अरे बाप्पा! खुद्द तुमी? दुर्बीण पाहाले आले?"

त्यांनी मान किंचित डावीकडून उजवीकडे वळवली आणि मग माझ्याकडे पाहिलं. कोंबडी दाणा पाहते ना, तसं. काय झालं ते मला तिथेच कळलं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना जोडलेली होती, जन्मापासूनची. मी त्या बोटांकडेच पाहत राहिलो, कारण डोळ्यांकडे पाहायची माझी छाती नव्हती.

पोस्टमननं तिथेच थैली सोडली. "गुर्जी, तार हाय तुमची."

गुरुजींनी कागद उघडला आणि तोंडासमोर न धरता, डाव्या कानाच्या रेषेत, तिरपा धरला. वाचला. घडी घातली. खिशात ठेवला.

"कधी पाहिलंत?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"गुरुवारी. दुपारी." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मायले दाखवायच्या पहिले आपन पाहून घ्याव म्हटलं. नाई त गाव म्हनन, मास्तरनं आधी म्हातारीचा डोळा घातला. एकदाच लावला. पिवळं झालं, मंग हिरवं, मंग मधात एक काळी टिकली. अजून हाय. तुमच्या तोंडावर हाय आता ती."

"चूक माझी," मी म्हणालो. रहीमचाचानं सांगितलं होतं तसं पहिल्यांदा नाही म्हणालो, तार वाचून झाल्यावर म्हणालो. तेवढी मला अजून टोचणी आहे. बशी, दिवा, काळा कागद, सगळं त्यांना सांगितलं. खिशातली काच काढून कापसासकट पुढे केली.

त्यांनी ती घेतली नाही. "राहू द्या तुमच्याजवळ. माह्या शाळेत आता कोनी काचीतून पाहनार नाई. दुर्बिणीच्या मागच्या टोकातून कोऱ्या कागदावर ऊन पाडू, अन् कागदावरच पाहू. मी पुस्तकात वाचलं होतं. पहिलेच तसं कराले पाहिजे होतं." मग थांबून म्हणाले, "एकच करा. मायले सांगू नका. गावालेबी नाई."

"का?"

त्यांनी जोडलेली बोटं वर केली. "मी पोटात होतो तवा ग्रहनात तिनं भाजी चिरली. घरात पाहुने होते, सासूनं चिराले लावली. मंग मी असा झालो. तिची सासू मेली, पन बोलनं नाई मेलं. गाव अजून बोलते. तिनं त्यानंतर एकाही ग्रहनात हात हालवला नाई. हे सारं मी तिच्याचसाठी मांडलं होतं, का ग्रहनानं काही होत नाई. आता डोळ्याचं समजलं त ती काय समजन, तुमीच सांगा."

मी म्हटलं, अकोल्याला चांगल्या डॉक्टरकडे जाऊ, मी सोबत येतो. ते म्हणाले, उद्या होऊन जाऊ द्या.

रात्री आठच्या आत जेवणं आटोपली, कारण मग वेध लागत होते. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, वर कच्चं तेल. आईंनी वाढलं. काटक म्हातारी, आवाज मोठा. "खाऊन घ्या, मंग उद्या दुपारलोक काही भेटनार नाई." पाण्याच्या हंड्यावर तिनं तुळशीची पानं टाकली. मुलाच्या ताटात वाढताना तिची नजर त्याच्या तोंडावरून हलत नव्हती. मी खाली मान घालून जेवलो.

अमावास्या

सकाळी शाळेच्या अंगणात दुर्बीण तिवईवर बांधली. तिच्या खाली बाकावर कोरा कागद. माणसं आली, पण भिंतीला धरून उभी. बायका दारातच. मुलं तेवढी पुढे. कागदावर उन्हाचा चकचकीत गोल पडला आणि थोड्या वेळानं त्याची कड खचली. भाकरीचा कुणी तुकडा मोडावा तशी. "लागलं," कुणीतरी हळूच म्हणालं. एक एक माणूस भिंत सोडून पुढे सरकू लागला. मी बाकाशी उभा राहून प्रत्येकाला सांगत होतो, डोळा वर करू नका, खाली कागदावर पाहा, खाली पाहा. आवाज बसेपर्यंत सांगत होतो. दुर्बिणीच्या टोकाला मी हात लावून ठेवला होता, कुणी वाकू नये म्हणून. ते पितळ तापत चाललं होतं.

आई आली नव्हती. गुरुजींचं घर शाळेला लागूनच. ओरडून घसा सुकला म्हणून दुर्बीण गुरुजींच्या ताब्यात देऊन मी पाणी मागायला आत गेलो, तर मागच्या खोलीत अंधार आणि त्या अंधारात ती भिंतीला पाठ लावून बसलेली. दोन्ही हात मांडीखाली दाबलेले.

"पानी भेटनार नाई, वेध हायेत," ती म्हणाली. मग म्हणाली, "बसा."

मी बसलो.

"माह्या पोराच्या डोळ्याले काय झालं?"

मी दाराकडे पाहिलं.

"पाच रोज झाले. मले एका अंगानं पाह्यते. भाकर वाढली त हात ताटाच्या बाजूले जाते. मायले समजत नाई का?" तिचा आवाज खाली आला. "पहिले बोटं. आता डोळा. मले वाटे, बोटावर भागलं. नाई भागलं. माहं चिरलेलं अजून फिटून नाई राह्यलं."

बाहेर मुलं गलका करत होती. अर्धा सूर्य गेला असावा, कारण फटीतून येणारा उजेड विचित्र पातळ झाला होता. मला गुरुजींचा शब्द आठवला, आणि बांगडीवाल्याचाही. आयुष्यात एवढा मी कधी घाबरलो नव्हतो. लढाईच्या भोंग्यालाही नाही.

"आई," मी म्हणालो, "ग्रहणानं नाही झालं. ग्रहण तर आज आहे, त्यांचा डोळा गुरुवारी गेला. दुर्बिणीत मी चुकीची काच बसवली. ती काच माझ्या हातची. तुमच्या जागी पाहायला ते आधी बसले."

तिनं मान वर केली.

"तुमी?"

"हो."

"जानून?"

"नाही. अंधारात काम केलं. भीतीनं."

मला वाटलं आता ही ओरडेल, सगळं गाव गोळा करेल, आणि करावंच. मी हात जोडून बसून राहिलो. मग तिनं मांडीखालचे हात बाहेर काढले, त्यांच्याकडे पाहिलं, उलटे केले, पुन्हा पाहिलं.

"मंग डोळा माह्यानं नाई गेला," ती म्हणाली. जरा थांबून, स्वतःशीच, "अन् बोटं?"

"ती जन्मतःच अनेकांना असतात. मुंबईत मी पाहिलीत. त्यांच्या आयांनी काही चिरलं नव्हतं."

हे मी खरंच पाहिलं आहे. पण त्या आयांना मी कधी विचारलं नव्हतं, हेही खरं.

ती उठली. फळीवरून विळी काढली, टोपल्यातली वांगी ओच्यात घेतली, आणि दार उघडून सरळ अंगणात आली. माणसं मागे सरली. कुणी बाई "ओ माय, अवं काय करून राह्यली?" म्हणाली. आई बाकाशी गेली, कागदावरचा अर्धा सूर्य वाकून पाहिला. डोळा वर केला नाही. मग कागदाच्या शेजारी, उन्हात, फतकल मारून बसली आणि विळीवर पाय ठेवला.

गुरुजी मान वळवून पाहत होते. त्यांना तसंच पाहावं लागत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि काय झालं ते त्यांना कळलं.

पुढे आम्ही अकोल्याला गेलो, मग मुंबईलाही आणलं त्यांना. ती काळी टिकली गेली नाही. माझ्या खोलीच्या खिडकीला आता पडदाही नाही. ती काच टेबलाच्या खणात आहे, दुसऱ्या कुठल्याही टोपीत मी ती बसवली नाही. आईनं मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारण्याचं धाडस मला तेव्हाही झालं नाही आणि आजही होत नाही.

त्या सकाळी एवढंच झालं. कागदावर सूर्य अजून अर्धाच होता, आणि तिनं पहिलं वांगं चिरलं. मग दुसरं घेतलं.